एचडीएफ ८५०.१ : चौदा वर्षं पत्ता न लागलेली दीर्घिका

७.० मिलिजान्स्की (आकाशातल्या वस्तूचं तेज मोजायचं एकक), चूकभूल ०.५. जुलै १९९८च्या ‘नेचर’मध्ये हा आकडा छापून आला तेव्हा त्याच्या सोबतीला फारसं काही नव्हतं. ८५० मायक्रॉन तरंगलांबीवर आकाशात एक ठिपका उजळ दिसतोय, एवढंच. ठिपक्याला नाव मिळालं एचडीएफ ८५०.१. तो किती लांब आहे, केवढा आहे, त्यात वर्षाला किती तारे जन्मतात, हे ठामपणे सांगायला २०१२ साल उजाडावं लागलं. मधल्या चौदा वर्षांत या ठिपक्याला निदान तीन वेगवेगळे पत्ते दिले गेले आणि दर पत्त्यागणिक त्याचं अंतर, वजन, तेज सगळं बदलत गेलं.

धुळकट दीर्घिकांचे गुणधर्म त्यांच्या निरनिराळ्या तरंगलांब्यांच्या प्रकाशावरून कसे काढतात, असं कुणी विचारलं की मी हेच प्रकरण काढून बसतो. यशाची उदाहरणं ढीगभर आहेत. पण सगळे आकडे गुपचूप जुळून गेलेल्या उदाहरणात ही पद्धत कुठे गृहीतकांवर टेकून उभी आहे ते दिसत नाही. इथे ते उघडं पडतं.

ठिपका सापडला कुठे

डिसेंबर १९९५मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षीतल्या एका रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्यावर सलग दहा दिवस नजर रोखली. हबलचं कामकाज बघणाऱ्या संस्थेचे त्या वेळचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी स्वतःच्या अखत्यारीतला वेळ त्यासाठी दिला होता. ३४२ छायाचित्रं, चार फिल्टर. तुकडा केवढा, तर पाच रुपयांचं नाणं तीस मीटरवर धरलं तर दिसेल तेवढा. आपल्याकडून मेच्या मध्यात रात्री साडेनऊ-दहाला उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की तो भाग चांगला वर आलेला असतो. सप्तर्षीच्या चौकोनातला सगळ्यांत मंद तारा अत्री. त्याच्यापासून सुमारे सहा अंश, ध्रुवाच्या बाजूला. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच नाही. हबलला तिथे तीन हजारांच्या आसपास दीर्घिका दिसल्या.

हबलचे ते चार फिल्टर मात्र अतिनीलपासून जेमतेम अवरक्ताच्या उंबरठ्यापर्यंतचे. तरुण, तापलेल्या ताऱ्यांचा प्रकाश प्रामुख्याने निळा-अतिनील असतो आणि धूळ नेमका तोच गिळते. गिळलेली ऊर्जा कुठे जाते? धुळीचे कण पस्तीस-चाळीस केल्विनपर्यंत ऊबदार होतात (आपल्या हिशोबाने उणे २३५ अंश सेल्सियस, पण धुळीच्या दृष्टीने ही ऊबच) आणि तीच ऊर्जा दूरच्या अवरक्तात, साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास बाहेर टाकतात. ज्या दीर्घिकेत तारे धडाक्याने जन्मतात तिथे धूळही भरपूर. म्हणजे सगळ्यांत जास्त गडबड जिथे चालू आहे, तेच घर हबलच्या चित्रात अंधारात बसलेलं.

म्हणून डेव्हिड ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईमधल्या मौना केआवरची १५ मीटरची जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बीण त्याच तुकड्याकडे वळवली. दुर्बिणीवर ‘स्कूबा’ नावाचा कॅमेरा होता : ८५० मायक्रॉनसाठी ३७ आणि ४५० मायक्रॉनसाठी ९१ बोलोमीटर (प्रकाशाची ऊब टिपणारे संवेदक), सगळे निरपेक्ष शून्याच्या वर एक दशांश अंशावर थंड केलेले. पन्नासेक तासांच्या निरीक्षणातून पाच ठिपके निघाले. त्यांतला सगळ्यांत उजळ तो आपला. ४५० मायक्रॉनवर तो दिसलाच नाही, ही सुद्धा माहितीच होती.

८५० मायक्रॉनची एक गंमत इथेच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून निघतो. कुठलीही वस्तू लांब गेली की मंद होते, हे झालं आपलं रोजचं ज्ञान. पण धुळकट दीर्घिका जशी लांब जाते तसा विश्वाच्या प्रसरणामुळे तिचा प्रकाश ताणला जातो (किती ताणला ते सांगणारा आकडा म्हणजे रेडशिफ्ट; तो मोठा तितकी दीर्घिका लांब) आणि ८५० मायक्रॉनच्या खिडकीत तिच्या वर्णपटाचा अधिकाधिक उजळ, शिखराजवळचा भाग येऊ लागतो. अंतराने जेवढं हिरावलं तेवढं हे सरकणं भरून देतं. रेडशिफ्ट १ पासून ८ पर्यंत तीच दीर्घिका कुठेही नेऊन ठेवा, ८५० मायक्रॉनवर ती जवळजवळ तेवढीच उजळ दिसेल. शोधणाऱ्याला हे वरदान. अंतर काढणाऱ्याला मात्र उजळपणाचा आकडा काडीचा उपयोगी नाही. (रेडशिफ्टला मराठी पुस्तकांत ताम्रसृती म्हणतात, शब्द सुरेख आहे, पण काम करताना कुणाच्या तोंडी नसतो, म्हणून मीही रेडशिफ्टच लिहिणार.)

पहिला पत्ता, दुसरा पत्ता

१५ मीटरची तबकडी ८५० मायक्रॉनवर आकाशातला जो डाग पाहते तो सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) रुंद असतो. हबलच्या चित्रात दीर्घिकांची दाटी एवढी, की अशा एका डागाखाली सरासरीने पंचवीस-तीस दीर्घिका येतात. चाळीत वास पसरलाय भाजीच्या फोडणीचा आणि तो कुठल्या खोलीतून येतोय ते ओळखायचंय, तशातली गत.

ह्यूज यांच्या गटाने संभाव्यतेचा हिशोब करून ३-५७७.० या क्रमांकाच्या दीर्घिकेकडे बोट दाखवलं. तिच्या रंगांवरून अंदाजलेला रेडशिफ्ट तीनच्या पुढचा होता. ठिपक्याच्या अवरक्त प्रकाशाशी तो विसंगत नव्हता. प्रकरण मिटल्यासारखं वाटलं.

वर्षभराने, १९९९मध्ये, डेनिस डाउन्स आणि त्यांच्या गटाने फ्रेंच आल्प्समधल्या प्लाटो द ब्यूरच्या दुर्बिणींनी तोच ठिपका १.३ मिलिमीटरवर पाहिला. ही एकच मोठी तबकडी नव्हती. अनेक तबकड्या एकमेकींशी जोडून एक मोठी दुर्बीण केल्यासारखं होतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी पाहिली असेल तर कल्पना चटकन येईल : तिथे ४५ मीटरच्या तीस तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत, आणि बारकावा तबकडीच्या आकारावर नाही, तबकड्यांमधल्या अंतरावर ठरतो. ब्यूरच्या निरीक्षणाने ठिपक्याची जागा एका विकलेच्या आत आणली. तेज मिळालं २.२ मिलिजान्स्की, चूकभूल ०.३.

आणि त्या जागेवर ३-५७७.० नव्हती.

तिथे काय होतं? ३-५८६.० ही एक लंबवर्तुळाकार दीर्घिका, रेडशिफ्ट सुमारे १.२, म्हातारी, शांत, जवळपास धूळ नसलेली. तिच्या कडेला कमानीसारखी एक अंधुक आकृती, ३-५९३.०. डाउन्स यांनी त्या कमानीला पसंती दिली, पुढच्या लंबवर्तुळाने गुरुत्वीय भिंगासारखा तिचा प्रकाश वाकवला असेल अशी शक्यताही मांडली. रेडशिफ्टचा अंदाज एकदम दोनच्या आत आला.

बघा काय झालं. ८५० मायक्रॉनचा आकडा तोच, चूकभूल तीच. बदललं ते एवढंच, की हबलच्या चित्रातला कुठला रंग या अवरक्त प्रकाशाच्या शेजारी मांडायचा. त्या एका निवडीने दीर्घिकेचं वय निम्म्याने इकडचं तिकडे होतं.

वहीतला हिशोब

मग नुसत्या धुळीच्या प्रकाशावरून अंतर काढता येत नाही का? हबलच्या दृश्य प्रकाशाचा नाद सोडून? दोन तरंगलांब्यांवरचे आकडे हातात आहेतच : ८५० वर ७.० आणि १३०० वर २.२. गुणोत्तर ३.२, आणि दोन्हीकडची चूकभूल धरली तर ०.५ इकडे-तिकडे.

हा हिशोब मी वहीत करून पाहिला, कारण संगणकाच्या कोडमध्ये आकडे घातले की उत्तर येतं, पण उत्तर का आलं ते कळत नाही. धुळीचा वर्णपट म्हणजे कृष्णवस्तूचा (निव्वळ तापमानानुसार प्रकाश सोडणाऱ्या आदर्श वस्तूचा) वर्णपट, त्याला तरंगलांबीनुसार बदलणाऱ्या एका घातांकाची जोड. घातांक मी १.८ धरला, तापमान ३५ केल्विन, आणि धूळ या तरंगलांब्यांना पारदर्शक मानली. मग दीर्घिका वेगवेगळ्या रेडशिफ्टवर ठेवली :

रेडशिफ्ट १.१ असेल तर गुणोत्तर यायला हवं ४.१.
रेडशिफ्ट ३ असेल तर ३.३.
रेडशिफ्ट ५.१८ असेल तर २.५.

मोजलेलं आहे ३.२. तिन्हींतला मधला आकडा जणू हात वर करून उभा. १९९८ साली मी तिथे असतो तर रेडशिफ्ट ३ वर डोळे मिटून शिक्का मारला असता, आणि पहिला पत्ता बरोबर निघाला म्हणून खूश झालो असतो.

आता तापमान ३५ ऐवजी ४५ केल्विन धरा. रेडशिफ्ट ५.१८ वर गुणोत्तर येतं ३.०. म्हणजे तेही मोजमापात आरामात बसतं. धूळ जरा गरम माना, दीर्घिका लांब जाते; जरा गार माना, जवळ येते. वर्णपटाचं शिखर कुठे दिसतं ते तापमान भागिले (१ + रेडशिफ्ट) एवढ्यावरच ठरतं. ५.१८ वरची ३५ केल्विनची धूळ, ४.१ वरची २९ केल्विनची आणि ३ वरची साडेबावीस केल्विनची, तिघींचं शिखर आपल्याला एकाच जागी दिसतं. दोन अज्ञातांचा गुणाकार-भागाकार माहीत असला म्हणून ते दोन्ही सुटत नाहीत, हे शाळेतच शिकलेलो असतो.

तरी लोक उत्तर काढत होते, आणि ते लबाडी करत नव्हते. आर्प २२० सारखी जवळची, नीट अभ्यासलेली धुळकट दीर्घिका नमुना म्हणून घ्यायची आणि लांबच्या दीर्घिकेची धूळही तशीच वागत असेल असं मानायचं. क्रिस कॅरिली आणि मिन युन यांनी १९९९मध्ये आणखी एक वाट सुचवली : तारे जन्मणाऱ्या दीर्घिकांत रेडिओ आणि अवरक्त तेजाचं प्रमाण ठरावीक असतं, रेडशिफ्ट वाढला की सबमिलिमीटर, म्हणजे ८५० मायक्रॉनसारखं, तेज तसंच राहतं आणि रेडिओ विझत जातो, तेव्हा त्या दोघांच्या प्रमाणावरून अंतर काढा. एचडीएफ ८५०.१ रेडिओत फारच मंद होता. दीर्घिका लांबची असल्याचा तो इशारा होता आणि आज मागे वळून पाहता सगळ्यांत खरा इशारा तोच ठरला. पण रेडिओची वाटही तापमानाच्या गृहीतकातून सुटत नाही. गार धुळीची जवळची दीर्घिका आणि गरम धुळीची लांबची दीर्घिका यांत ती सुद्धा गोंधळते.

तिसरा पत्ता

२००४मध्ये जेम्स डनलॉप यांच्या गटाने केलेलं काम मला या प्रकरणातलं सगळ्यांत देखणं वाटतं, निष्कर्ष टिकला नाही तरीही. त्यांचं म्हणणं असं : ठिपक्याची जागा त्या लंबवर्तुळाच्या प्रकाशात बुडालेली आहे. मग आधी ते लंबवर्तुळच पुसून टाकू. अशा दीर्घिकेचा प्रकाश मध्यापासून कडेपर्यंत गुळगुळीत, सूत्रात बसेल असा उतरतो. ते सूत्र बसवायचं, चित्रातून वजा करायचं आणि मागे काय उरतं ते पाहायचं. सुबारू दुर्बिणीच्या २.२ मायक्रॉनच्या चित्रावर त्यांनी हे केलं, आणि मागे एक अतिशय लाल, अतिशय मंद पुंजका उरला.

सगळ्या तरंगलांब्या एकत्र करून त्यांनी रेडशिफ्ट काढला ४.१, चूकभूल ०.५. पुढच्या लंबवर्तुळामुळे प्रकाश सुमारे तिप्पट वाढून दिसत असावा असंही मांडलं.

इथे जरा थांबतो. खरा रेडशिफ्ट ५.१८३ निघाला. ४.१ पासून १.०८ लांब, म्हणजे सांगितलेल्या चूकभुलीच्या दुपटीहून थोडं अधिक. संख्याशास्त्राच्या भाषेत हे काही आभाळ कोसळणं नव्हे. पण चूकभुलीचा तो ०.५ कशाचा होता? दिलेला नमुना, दिलेला जोडीदार (ठिपक्याशी जुळवलेली चित्रातली दीर्घिका) आणि दिलेली धूळ हे तिन्ही बरोबर आहेत असं मानल्यावर उरणारी अनिश्चितता. ती मानणंच चुकलं तर काय, याचा हिशोब त्या ०.५ मध्ये नव्हता आणि असूही शकत नव्हता. रोज वर्णपट बसवणाऱ्या माणसाला हे पाठ असतं, आणि तरीही निकालाच्या तक्त्यात ±०.५ दिसलं की हात आपोआप विश्वास ठेवतो. माझाही.

दोन रेघा

वर्णपटाच्या आकारावरून अंतर सुटत नसेल तर रेघ शोधायला हवी. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू फिरतो आणि ठरावीक वारंवारितांवर प्रकाश सोडतो. या वारंवारिता शिडीच्या पायऱ्यांसारख्या आहेत : पहिली ११५ गिगाहर्ट्झच्या जवळ, दुसरी तिच्या दुप्पट, तिसरी तिप्पट, अशा वर जात राहतात. रेडशिफ्टमुळे सगळी शिडी सारख्या प्रमाणात खाली येते. पण रेडशिफ्टच ठाऊक नसेल तर रेघ कुठे शोधायची? त्या काळच्या यंत्रांना एका वेळी वारंवारितेची अगदी चिंचोळी पट्टी दिसायची. अंधारात किल्ली पडलीय आणि हातात उदबत्ती आहे, एवढाच उजेड.

यंत्रं सुधारली, पट्टी रुंदावली. फाबियन वॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्यूरच्या दुर्बिणींनी ३ मिलिमीटरची अख्खी खिडकी तुकड्यातुकड्याने चाळून काढली. दोन रेघा मिळाल्या. एक ९३.२० गिगाहर्ट्झवर, दुसरी १११.८४ वर.

पुढचं गणित पाचवीतल्या पोरालाही जमेल. १११.८४ भागिले ९३.२० बरोबर १.२. म्हणजे सहास पाच. शिडीवरच्या लागोपाठच्या दोन पायऱ्यांचं प्रमाण सहास पाच असेल तर त्या सहावी आणि पाचवीच. पाचव्या पायरीची मूळ वारंवारिता ५७६.२७ गिगाहर्ट्झ. तिला ९३.२० ने भागलं की ६.१८३, त्यातून एक वजा, रेडशिफ्ट ५.१८३. ना तापमानाचं गृहीतक, ना नमुना, ना शेजारची कमान.

एकच रेघ मिळाली असती तर? ९३.२० गिगाहर्ट्झची रेघ चौथी पायरी मानली तर रेडशिफ्ट येतो ३.९५. डनलॉप यांच्या ४.१ च्या चूकभुलीत तो अलगद बसतो! त्या एका रेघेवर पेपर निघाला असता तर ‘आधीच्या अंदाजाला भक्कम दुजोरा’ म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. ही माझी कल्पना आहे, असं कुणी केलं नाही. वॉल्टर यांच्या गटाने दोन रेघांवरही न थांबता आयनीभूत कार्बनची १५८ मायक्रॉनची रेघ आणि शिडीची दुसरी पायरीसुद्धा पकडली. पण एका रेघेवर रेडशिफ्ट जाहीर करणारे पेपर आजही येतात, आणि ते वाचताना मला हा ३.९५ आठवतो.

पत्ता लागल्यावर

जून २०१२चा ‘नेचर’. रेडशिफ्ट ५.१८३, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम ११० कोटी वर्षांनी निघालेला प्रकाश. तारे जन्मण्याचा दर वर्षाला ८५० सूर्य. आपल्या आकाशगंगेत तो एक-दोन सूर्य आहे. वायूच्या गतीवरून काढलेलं वस्तुमान सुमारे १३ हजार कोटी सूर्य. ते सगळंच्या सगळं वायू आहे असं मानलं (तसं ते नाही) तरी या वेगाने पंधरा कोटी वर्षांत कोठार रिकामं. आणि ही दीर्घिका एकटी नव्हती. त्याच रेडशिफ्टच्या आसपास आणखी दीर्घिकांची गर्दी होती. हबलच्या त्या चिमुकल्या तुकड्यातच विश्वाच्या बालपणातली एक वस्ती होती आणि तिच्यातलं सगळ्यांत मोठं घर कुणालाच दिसलेलं नव्हतं.

गुरुत्वीय भिंगाचा परिणामही आता कमी निघाला, तिप्पट नव्हे तर दीडपटीच्या आत. आणि पेपराच्या सारांशातच प्रांजळपणे लिहिलं होतं, की जागा आणि अंतर एवढं अचूक कळूनही ताऱ्यांचा प्रकाश देणारा जोडीदार अजून सापडत नाही. तिसरा पत्ताही अशा रीतीने मागे पडला.

हबलला ती का दिसली नाही हे आता सरळ होतं. रेडशिफ्ट ५.१८ वरून निघालेला प्रकाश सहापट ताणला जातो. हबलचा सगळ्यांत लाल फिल्टर ८१४ नॅनोमीटरचा. त्याने दीर्घिकेचा जो प्रकाश पाहायचा तो मुळात १३२ नॅनोमीटरचा, पक्का अतिनील. धुळीचा आवडता घास. त्याहून निळ्या फिल्टरांत तर धूळ नसती तरी फारसं काही पोचलं नसतं, कारण वाटेतला हायड्रोजन तो प्रकाश अडवतो.

अंतर कळल्यावर बाकीचे गुणधर्म काढणं सोपं होतं का? सोपं होतं, पण बिनधोक नाही. वहीतला तोच हिशोब पुढे नेऊ. रेडशिफ्ट ५.१८३ पक्का, ७.० मिलिजान्स्की पक्के. फक्त धुळीचं तापमान ३५ ऐवजी ४५ केल्विन धरलं, तर त्याच मोजलेल्या तेजातून धुळीचं वस्तुमान निम्म्यावर येतं आणि एकूण अवरक्त तेज दुप्पट होतं. तेजावरूनच ताऱ्यांच्या जन्माचा दर काढायचा, म्हणजे तोही दुप्पट. दहा केल्विनचा फरक, आणि तो ठरवायला वर्णपटाच्या शिखराच्या अलीकडची, २०० ते ५०० मायक्रॉनची चांगली मोजमापं हवीत. त्या तरंगलांब्या वातावरणातून जेमतेम येतात. अवकाशातून हर्शेल दुर्बिणीने त्या पाहिल्या, पण ५०० मायक्रॉनवर तिचा डाग सुमारे ३६ विकला रुंद. पुन्हा चाळीतला वास.

दुसरं गृहीतक आणखी आत दडलेलं असतं. आपण मोजतो तो प्रकाश मुख्यतः जड, अल्पायुषी ताऱ्यांनी तापवलेल्या धुळीचा. हलके तारे किती जन्मले ते कुणी मोजलेलं नसतं. जड-हलक्यांचं ठरलेलं वाटप मानून ते भरले जातात. साल्पीटर यांचं जुनं वाटप धरून काढलेला कुठलाही दर चॅब्रिए यांच्या वाटपावर आणायचा तर सुमारे १.७ ने भागावा लागतो. दोन पेपरांतल्या ८५० आणि ५०० मध्ये काहीही भांडण नसू शकतं. तुलनेचे तक्ते करताना हे न पाहता आकडे एकाखाली एक लिहिणारे भेटतात, आणि मग विश्वाच्या उत्क्रांतीचे नवे निष्कर्ष निघतात.

वेबच्या चित्रात

चिलीतली आल्मा आज या क्षेत्रातली सगळ्यांत ताकदवान दुर्बीण, पण एचडीएफ ८५०.१ तिच्या नशिबी नाही. तिच्या जागेवरून हा भाग क्षितिजाच्या जेमतेम पाच अंश वर येतो. त्यामुळे उत्तरेकडच्या दुर्बिणींनीच काम पुढे नेलं, आणि कार्बनच्या रेघेच्या बारीक नकाशात दिसलं, की ही एक दीर्घिका नसून एकमेकांत मिसळत असलेले दोन तुकडे आहेत.

मग आली जेम्स वेब अवकाश दुर्बीण. फेंगवू सुन आणि सहकाऱ्यांच्या कामात ०.८ ते ५ मायक्रॉनच्या नऊ फिल्टरांच्या चित्रांत ती दीर्घिका अखेर समोरच्या लंबवर्तुळापासून सुटी दिसली. पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा तिच्या ताऱ्यांचा प्रकाश. दोन्ही तुकडे लाल, पण सारखे लाल नव्हेत. उत्तरेकडच्या तुकड्यावरचा धुळीचा पडदा जास्त जाड. हायड्रोजनची एच-अल्फा रेघ ४.०६ मायक्रॉनवर मिळाली, ती दक्षिणेकडच्या तुकड्याची. ताऱ्यांचं एकूण वस्तुमान सहा हजार कोटी सूर्यांच्या आसपास. भोवतीची वस्ती तर केवढी वाढली : त्याच रेडशिफ्टच्या आसपास शंभरावर दीर्घिका, धाग्यांसारख्या रचनेत पसरलेल्या.

दोन तुकड्यांची ही गोष्ट वर्णपट बसवणाऱ्यांना बोचणारी आहे. मॅगफिज, सिगाल यांसारखे वर्णपट बसवणारे संगणकी कोड ऊर्जेचा ताळेबंद मांडतात : ताऱ्यांचा जेवढा प्रकाश धुळीने गिळला तेवढाच अवरक्तात बाहेर आला पाहिजे. ताळेबंद चोख आहे, पण जमा आणि खर्च एकाच खात्यातले असतील तरच. इथे धुळीचा पडदा दोन जागी दोन प्रकारचा. वेबला दिसणारा तारकाप्रकाश मुख्यतः उघड्या खिडकीतला, आणि अवरक्त तेज बंद खोलीतलंही. दोन्ही एका खात्यावर टाकून बसवलं तर कोड कुरकुर करत नाही. मधला कुठला तरी पडदा, मधलं कुठलं तरी वय धरून सुबक वक्र काढून देतं, सगळ्या बिंदूंतून नेटका जाणारा. तो वक्र तिथल्या कुठल्याच तुकड्याचा नसतो.

उत्तरेकडच्या तुकड्याचं काय चाललंय ते धुळीच्या पलीकडून विचारायचं तर आणखी लांबच्या तरंगलांबीची रेघ हवी. हायड्रोजनची पाशेन-अल्फा रेघ मुळात १.८७५ मायक्रॉनची, तिला धूळ एच-अल्फाच्या मानाने पुष्कळ कमी अडवते. सहापट ताणली की ती ११.६ मायक्रॉनवर येते. वेबवरच्या मिरी या उपकरणाच्या टप्प्यात ही तरंगलांबी बसते.